एक रस्ता, एक फाइल: महापालिकेकडे हिशेब मागण्याची सुरुवात कशी करावी

महापालिकेच्या कारभारावर बोलणारे पुष्कळ भेटतात. मात्र आपल्या दारासमोरच्या रस्त्यावर गेल्या वर्षी किती खर्च झाला, त्याला मंजुरी कोणी दिली आणि झालेल्या कामाची मापे कोणी घेतली, हे सांगू शकणारा नागरिक क्वचितच सापडतो. ही माहिती गुप्त नसते. ती प्रभाग कार्यालयातील कपाटात, दोरीने बांधलेल्या फाइलमध्ये असते आणि ती पाहण्याचा कायदेशीर हक्क आपल्याला आहे. ज्यांनी आजवर एकही अर्ज केलेला नाही, पण आपल्या शहराचा कारभार स्वच्छ आणि उत्तरदायी व्हावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. संपूर्ण महापालिका सुधारण्याचा संकल्प करून कोणीही सुरुवात करू नये. एक काम निवडावे आणि त्याची फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या देयकापर्यंत वाचावी, असे माझे अनुभवाअंती बनलेले मत आहे.

कोणाकडे काय असते

मुंबईचा कारभार १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमानुसार चालतो, राज्यातील इतर महापालिकांचा १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार, तर नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचा १९६५ च्या अधिनियमानुसार. तपशिलात फरक असले तरी महापालिकांचा ढाचा सारखाच आहे. प्रशासन राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांच्या हाती असते, खर्चाच्या मोठ्या प्रस्तावांना स्थायी समितीची मंजुरी लागते आणि अंदाजपत्रक व धोरण यांवर शेवटचा शब्द सर्वसाधारण सभेचा असतो. म्हणजे नगरसेवक काम सुचवतो आणि मंजूर करून घेतो, पण त्याची मापे घेऊन देयकावर सही करतो तो अभियंता. निकृष्ट कामाबद्दल केवळ नगरसेवकाला दोष देऊन परतणारा माणूस ज्याची सही आहे त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय लोकप्रतिनिधी नसले तरी कामे थांबत नाहीत. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर मुंबई आणि पुण्याच्या महापालिका साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या ताब्यात होत्या, एकही नगरसेवक नव्हता, आणि तरीही निविदा निघत होत्या व देयके अदा होत होती. त्या काळात नागरिकाच्या हाती माहितीचा अधिकार हेच मुख्य साधन उरले होते.

कामाची निवड

काम लहान, जवळचे आणि डोळ्यांनी दिसणारे असावे. गल्लीचे काँक्रीटीकरण, पदपथ, पावसाळी गटार, उद्यानाची भिंत यांपैकी काहीही चालेल. उड्डाणपूल किंवा कचरा प्रक्रिया प्रकल्प पहिल्या खेपेला घेऊ नये, कारण त्यांची कागदपत्रे हजारो पानांची असतात आणि नवखा माणूस त्यांत बुडून जातो. काम सुरू असेल तर जागेवरच्या फलकाचे छायाचित्र घ्यावे. कामाचे नाव, ठेकेदार, रक्कम आणि मुदत या गोष्टी त्यावर असायला हव्यात. फलक नसेल तर तीही नोंद करण्याजोगी बाब आहे. एक साधी वही घालावी आणि तीत तारीखवार लिहीत जावे: खोदाई केव्हा झाली, खडी केव्हा पडली, रोलर किती दिवस फिरला. पुढे कागदावरच्या तारखा ताडून पाहताना या वहीइतका उपयोग दुसऱ्या कशाचाही होत नाही.

यानंतर महापालिकेच्या संकेतस्थळावरील अंदाजपत्रकात ते काम शोधावे. प्रत्येक कामाला लेखाशीर्ष, म्हणजे खर्च ज्या खात्याखाली टाकला जातो त्याचे नाव, असते आणि त्यापुढे तरतुदीची रक्कम असते. काम अंदाजपत्रकात नसताना प्रत्यक्षात झाले असेल तर पैसा दुसऱ्या शीर्षाखालून वळवलेला असतो. त्याला बहुतेक ठिकाणी वर्गीकरण किंवा पुनर्विनियोजन म्हणतात. त्यात बेकायदा काही असेलच असे नाही, पण कोणत्या कामाचा पैसा कोणत्या कामाकडे गेला हे पाहण्यासारखे असते. मार्चअखेर अशा वर्गीकरणांची रीघ लागते, म्हणून फेब्रुवारी आणि मार्चमधील स्थायी समितीच्या कार्यपत्रिका आणि इतिवृत्ते जरूर वाचावीत. मोठ्या निविदा राज्याच्या महाटेंडर्स संकेतस्थळावर पाहता येतात आणि किती निविदाकार आले, याचा अंदाज तिथेच येतो.

फाइलमध्ये काय असते

माहिती मागण्याआधी कागदांची नावे ठाऊक असली पाहिजेत, कारण कार्यालय मागितलेलाच कागद देते. कोणतेही काम इस्टिमेटपासून, म्हणजे पूर्वगणनपत्रकापासून सुरू होते. खोदाई किती घनमीटर, खडी किती, काँक्रीट कोणत्या प्रतीचे, आणि प्रत्येकाचा दरसूचीतील दर काय, हे त्यात असते. त्यावर तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मान्यता अशा दोन सह्या होतात. पुढे निविदा, आलेल्या दरांचा तुलनात्मक तक्ता, मंजुरीचा ठराव, करारनामा आणि कार्यादेश, म्हणजे वर्क ऑर्डर. काम चालू असताना मोजमाप पुस्तिका भरली जाते, साहित्याच्या चाचण्यांचे अहवाल येतात, चालू देयके (तोवर झालेल्या कामापुरती बिले) निघतात आणि उशीर झाल्यास मुदतवाढीचे पत्र लागते. शेवटी काम पूर्ण झाल्याचा दाखला, अंतिम देयक आणि दोष दायित्व कालावधीची नोंद. हा कालावधी करारनाम्यात लिहिलेला असतो आणि त्या काळात काम बिघडले तर ठेकेदाराने ते स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचे असते. आपल्या शहरांत कितीतरी उखडलेले रस्ते महापालिकेच्या पैशाने पुन्हा केले जातात, कारण हा कालावधी अजून संपलेला नाही हे तक्रार करणाऱ्या नागरिकाला माहीतच नसते.

दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. एकाच रस्त्याचे चार तुकडे करून चार लहान कामे दाखवली असतील, तर मोठ्या निविदेची प्रक्रिया टाळली गेली का, हे तपासावे. काम निविदेविना थेट दिले असेल तर तसे करण्याचे कारण फाइलमध्ये लिहिलेले असते. १९४९ च्या अधिनियमातील कलम ६७ (३) (क) ची तातडीची तरतूद यासाठी पुष्कळदा पुढे केली जाते. पुरात वाहून गेलेल्या नाल्याच्या भिंतीसाठी ती योग्यच आहे. उद्यानातील बाकांसाठी तातडी कसली होती, हे मात्र विचारलेच पाहिजे.

अर्ज

माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ रोजी पूर्णपणे लागू झाला आणि देशातील पहिला अर्ज त्याच दिवशी पुण्यात दाखल झाला. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र ‘अ’ च्या नमुन्यात करावा. त्यावर १० रुपयांचा न्यायालयीन मुद्रांक लावावा किंवा रोख भरून पावती घ्यावी. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला दाखला जोडल्यास शुल्क लागत नाही. राज्याच्या ऑनलाइन संकेतस्थळावरूनही अर्ज करता येतो. राज्याच्या नियमांत २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत असावा. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याचे बंधन नाही, आणि कार्यालयाला ते विचारताही येत नाही.

नवख्या अर्जदाराची ठरलेली चूक म्हणजे अर्जात प्रश्न विचारणे. “रस्ता इतका खराब का झाला?” या प्रश्नाला “माहिती उपलब्ध नाही” असे उत्तर येते आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही असते, कारण कायद्याने अस्तित्वात असलेला अभिलेख मिळतो, स्पष्टीकरण मिळत नाही. म्हणून कागद मागावा. माझ्या पाहण्यात सहसा कामाला येणारा मजकूर असा:

“प्रभाग क्र. __ मधील __ चौक ते __ मंदिर या रस्त्याच्या काँक्रीटीकरणाच्या कामासंबंधी, १ एप्रिल २०२४ पासून आजपर्यंतच्या पुढील अभिलेखांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात: (१) पूर्वगणनपत्रक व त्यावरील मान्यता, (२) निविदांचा तुलनात्मक तक्ता, (३) कार्यादेश व करारनाम्यातील दोष दायित्व कालावधीचे पान, (४) मोजमाप पुस्तिकेतील या कामाची सर्व पाने, (५) साहित्य चाचणी अहवाल, (६) आजवर अदा केलेल्या देयकांच्या प्रती. प्रती देण्यापूर्वी मला मूळ फाइलचे अवलोकन करावयाचे आहे. त्यासाठी दिवस व वेळ कळवावी.”

अर्ज जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करण्याची जबाबदारी कार्यालयाची आहे, “आमच्याकडे नाही” म्हणून परत देण्याची मुभा नाही. उत्तराची मुदत ३० दिवसांची. प्रतींसाठी पानामागे दोन रुपये भरण्याचे पत्र येते आणि त्या पत्रापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरले जात नाहीत, म्हणून पैसे लगेच भरावेत. मुदत उलटून गेली तर माहिती विनामूल्य द्यावी लागते.

फाइल समोर आल्यावर

मी स्वतः प्रतींपेक्षा अवलोकनाला अधिक महत्त्व देतो. राज्य सरकारच्या नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा स्तरावरील कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहण्यासाठी खुले ठेवायचे आहेत. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याआधीच सुरू झाली होती. काही कार्यालयांत आजही या निर्णयाची कल्पना नसते, म्हणून त्याची छापील प्रत जवळ ठेवावी. माहिती अधिकाराखाली अवलोकन मागितले तर पहिल्या तासाला शुल्क नसते.

पहिल्या वेळी मी आमच्या गल्लीच्या पदपथाची फाइल पाहायला गेलो, तेव्हा सोबत सोसायटीतील एक निवृत्त ओव्हरसियर होते. एकट्याने जाऊ नये, हे मी त्या दिवशी शिकलो. मी टिपणांची पाने वाचत बसलो होतो आणि त्यांनी सरळ मोजमाप पुस्तिका, त्यांच्या भाषेत एमबी, मागून घेतली. आडव्या रकान्यांचे ते जाड पुस्तक: कामाचे वर्णन, संख्या, लांबी, रुंदी, खोली, परिमाण. पेव्हर ब्लॉकच्या नोंदीपुढे लांबी १४०.०० मीटर, रुंदी १.८०, क्षेत्र २५२.०० चौरस मीटर असे लिहिले होते, खाली कनिष्ठ अभियंत्याची सही आणि तपासल्याची उप अभियंत्याची सही. ते आकडे वहीत उतरवून आम्ही घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, गाड्या निघण्याआधी, टेप लावली. ब्लॉक बसवलेली लांबी ११८ मीटर भरली. उरलेल्या २२ मीटरमध्ये दोन सोसायट्यांची प्रवेशद्वारे आणि विजेच्या पेट्यांचा चौथरा होता, तिथे ब्लॉक नव्हतेच. जवळजवळ ४० चौरस मीटरचा फरक.

आता पत्रात काय लिहावे, हा प्रश्न होता. मला ‘घोटाळा’ हा शब्द लिहायचा होता आणि ओव्हरसियरांनी तो लिहू दिला नाही. त्यांचे म्हणणे असे की, सरळ टोकापासून टोकापर्यंत टेप धरली की अशी नोंद होते, ती मुद्दाम झाली की आळसाने, हे आपल्याला या कागदावरून ठरवता येणार नाही. म्हणून आम्ही दोन्ही मापे, छायाचित्रे आणि पुस्तिकेचा पान क्रमांक देऊन नागरिकांच्या उपस्थितीत फेरमोजणी करण्याची विनंती केली. दीड महिन्याने फेरमोजणी झाली आणि फरकाची रक्कम अंतिम देयकातून वजा झाली. तो आकडा फार मोठा नव्हता. पण त्यानंतर आमच्या भागात मापे घेताना अभियंते रहिवाशांना बोलावू लागले, आणि माझ्या दृष्टीने त्या वजावटीपेक्षा याचे मोल कितीतरी अधिक आहे.

नकार आला तर

उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करावे. ते त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, जोडपत्र ‘ब’ मध्ये, २० रुपयांचा न्यायालयीन मुद्रांक लावून. ते ३० दिवसांत, आणि कारण नोंदवून जास्तीत जास्त ४५ दिवसांत निकाली निघायला हवे. सुनावणीला स्वतः जावे. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक कागद याच टप्प्यावर मिळतात. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. तिथे प्रतीक्षा दीर्घ आहे, हे आधीच समजून असावे. विनाकारण माहिती रोखणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड करण्याचा अधिकार आयोगाला आहे.

अलीकडे नकाराचे एक कारण वाढेल असे दिसते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीचा अपवाद अधिक व्यापक केला आहे आणि हा बदल मला चिंतेचा वाटतो. परंतु रस्त्याची लांबी, खडीचा दर किंवा ठेकेदार कंपनीला दिलेली रक्कम ही कोणाची वैयक्तिक माहिती होऊ शकत नाही. शिवाय व्यापक जनहितासाठी माहिती देता येते असे सांगणारे कलम ८ (२) कायद्यात कायम आहे. अपिलात त्याचा स्पष्ट उल्लेख करावा.

पुढच्या पायऱ्या

फरक सापडला तर आधी कार्यकारी अभियंता आणि प्रभागाचे सहायक आयुक्त, मग मुख्य लेखापरीक्षक, मग आयुक्त, या क्रमाने लेखी जावे. लेखापरीक्षकांकडे जाण्याचे नागरिकांना सुचत नाही, वास्तविक देयकावर आक्षेप घेणे हेच त्यांचे काम आहे. नगरसेवकालाही प्रत द्यावी आणि प्रभाग समितीच्या बैठकीत विषय घेण्याची विनंती करावी. स्वतः नगरसेवकाचाच कंत्राटात हितसंबंध असेल तर कायद्याने तो अपात्र ठरू शकतो, त्यासाठी मात्र ठोस पुरावा लागतो. लाच मागितली गेली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. गैरकारभाराच्या तक्रारी लोकायुक्तांकडे करता येतात. १९७१ च्या कायद्याने ही संस्था उभारणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. कागद मात्र कधीही फेकू नयेत. जळगावच्या घरकुल योजनेतील घोटाळाच पाहा: काम नव्वदच्या दशकातले, फिर्याद महापालिका आयुक्तांनी दिली ती २००६ मध्ये, आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले ते ऑगस्ट २०१९ मध्ये.

आपल्या बाजूच्या शुचितेबद्दलही बोलले पाहिजे. माहिती अधिकाराचा अर्ज मागे घेण्यासाठी पैसे घेणारे लोक शहरोशहरी आहेत आणि त्यांच्यामुळे प्रामाणिक अर्जदाराकडेही संशयाने पाहिले जाते. ठेकेदाराचा चहासुद्धा घेऊ नये. त्याच्याशी भेटी, फोन, तडजोडीची बोलणी, काहीही नको. व्यवहार फक्त कार्यालयाशी आणि लेखी. घरपट्टीवर नाव लावून घेण्यासाठी खिडकीवर चिरीमिरी देणाऱ्याने रस्त्याचा हिशेब मागणे शोभत नाही. खिडकीवरच्या अशा कामांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवेची मुदत ठरलेली असते, अर्जाची पोच क्रमांकासह घ्यावी, मुदत टळली की अपील करावे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

धोक्याचीही जाणीव असावी. तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी हत्या झाली. पदपथाच्या फाइलमागे एवढे मोठे हितसंबंध सहसा नसतात, जमिनींच्या व्यवहारांमागे असतात. तरीही एकाच विषयावर चार-पाच जणांनी वेगवेगळे अर्ज करावेत, मिळालेले कागद लगेच सोसायटीत आणि परिचितांत वाटून टाकावेत आणि धमकी आली तर त्याच दिवशी पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. कागद सर्वांकडे गेले की एका माणसाला गाठून काही साधत नाही.

काम होण्याआधी बोलण्याची संधीही सोडू नये. पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामांच्या सूचना मागवायला सुरुवात केली. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अर्ज घेतले जातात आणि पदपथ, दिवे, बाक, गटार अशी लहान कामे सुचवता येतात. इतर शहरांतही पुढील वर्षाचे अंदाजपत्रक आयुक्त साधारण जानेवारी-फेब्रुवारीत मांडतात, त्यामुळे दिवाळीपूर्वी दिलेल्या पत्राला अर्थ असतो, मार्चमध्ये दिलेल्या पत्राला नसतो. सुचवलेले काम मंजूर झाले की त्याचे लेखाशीर्ष वहीत लिहावे.

त्या वहीच्या पहिल्या पानावर मी आता एकच तक्ता ठेवतो: कामाचे नाव, पूर्ण झाल्याची तारीख आणि दोष दायित्व कालावधी संपण्याची तारीख. ती संपण्याच्या तीन महिने आधी, शक्यतो पावसाळा ओसरल्यावर, आम्ही तीन-चार शेजारी त्या रस्त्याने चालत जातो, खचलेले चेंबर आणि निखळलेले ब्लॉक मोजतो, छायाचित्रे घेतो आणि ठेकेदाराची सुरक्षा ठेव परत करण्यापूर्वी ही दुरुस्ती करून घ्यावी, असे पत्र प्रभाग कार्यालयात देऊन शिक्क्याची प्रत घेतो.